लग्नाचा खर्च क्विंटलात मोजा



शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर ऐकू येते. बँकेतला साहेब असो, शहरातला पाहुणा असो की आपल्याच गावचा नोकरदार जावई असो, सगळे तेच म्हणतात, "शेतकरी लग्नात पैसा उधळतो आणि मग बुडतो."

हे उत्तर फार जुने आहे. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हाही हेच बोलले जात होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या सरकारी आयोगालासुद्धा लिहावे लागले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच आरोप खोडून काढला. दीडशे वर्षे होत आली, तरी आरोप तोच आहे.

तेव्हा पहिली गोष्ट स्वच्छ सांगतो. कापसाला आणि ज्वारीला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाला असता, तर एका लग्नाने कोणाचे घर बसले नसते. हा आरोप आपल्याला मान्य नाही.

पण आरोप खोटा आहे म्हणून हिशेबच करायचा नाही, असे कसे चालेल? भाव आपल्या हातात नाही, त्यासाठी लढावे लागते. लग्न मात्र दोन घरांच्या हातात असते.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. 1996 च्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. सोयरीक चांगली होती, माणसे चांगली होती. तरी मानपान, आहेर आणि दोन वेळच्या पंगती यांत अंदाज चुकला आणि वडिलांनी बैलजोडी विकली. पुढच्या महिन्यात मृग बरसला. गावात सगळ्यांची तिफण चालू झाली आणि आमचे वडील भाड्याची जोडी शोधत फिरत होते. ज्याची जोडी तो आधी स्वतःचे वावर पेरणार, हे उघडच आहे. आमची पऱ्हाटी बारा दिवस उशिरा पडली. कोरडवाहू जमिनीत पावसाच्या ओलीचे बारा दिवस गेले की ते परत मिळत नाहीत. बोंडे भरायच्या वेळी ओल तुटते. त्या वर्षी वेचणी लवकरच आटोपली. पुढे कृषी महाविद्यालयात पेरणीची वेळ आणि उत्पादन यांचा संबंध शिकलो, तेव्हा मला पुस्तकापेक्षा तो जून महिना आठवत होता. लग्नाचा खर्च लग्नात संपला नव्हता, तो पुढच्या पिकातही शिरला होता.

हिशेब रुपयात नको

लग्नाच्या बैठकीत आकडे रुपयात बोलले जातात, म्हणून ते हलके वाटतात. "पाच लाखांत होऊन जाईल" असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना हलवतात. आता तेच क्विंटलात मांडू.

2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला. हा भाव हातात पडला असे धरले, तरी पाच लाख म्हणजे जवळपास 62 क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी 5 क्विंटल धरा. पाच एकरवाल्याचा सगळा कापूस 25 क्विंटल. म्हणजे अडीच वर्षांचा सारा कापूस एका मांडवाखाली गेला. आणि बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा जाता क्विंटलामागे 2,000 रुपये सुटतात असे मानले, तर त्याच पाच लाखांसाठी 250 क्विंटल लागतात. ती दहा वर्षांची कमाई झाली. संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव 3,699 रुपये; ज्वारीत मोजले तर 135 क्विंटल होतात.

सोन्याचेही तसेच. घरातली म्हातारी माणसे सांगतात की एके काळी क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोने यायचे. 2025 मध्ये सोन्याने तोळ्याला एक लाख रुपयांची पायरी ओलांडली. दहा ग्रॅमच्या त्या तोळ्याला आता बारा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. सोनाराला दोष देऊन उपयोग नाही. आपला कापूस कुठे नेऊन ठेवला गेला ते यावरून समजावे. पण आजीच्या काळातले तोळे आजच्या कापसात मागणे, हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय आहे.

त्यात उसनवारी आली की गणित आणखी बिघडते. दोन लाख रुपये शेकडा तीनने उचलले तर महिन्याला 6,000 आणि वर्षाला 72,000 रुपये व्याज. म्हणजे नऊ क्विंटल कापूस नुसत्या व्याजात गेला, मुद्दल तसेच उभे. ज्याच्या डोक्यावर असे देणे आहे, तो भावाची वाट पाहू शकत नाही. दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला पहिल्याच वेचणीला माल देतो. क्विंटलामागे 700 रुपये तुटले, तरी 25 क्विंटलांत साडेसतरा हजार गेले. आणि पीककर्जाचा पैसा मांडवात गेला तर ते थकते, बिनव्याजी सवलत जाते आणि पुढच्या जूनला बँकेचे दार बंद. आपण भावासाठी एकजुटीने माल थांबवा म्हणतो, तेव्हा पहिला सुटतो तो हाच माणूस. त्याला भेकड म्हणू नका, त्याच्या घरी मे महिन्यात लग्न झालेले असते.

कमी खर्चाची वाट आपलीच आहे

साधे लग्न म्हणजे शहरी फॅशन किंवा गरिबीची कबुली, असे काहींना वाटते. महात्मा फुल्यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लावले, पुरोहिताशिवाय आणि थोडक्या खर्चात. साखरपुड्यातच लग्न उरकण्याची रीत तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. दोन्हीकडची माणसे जमलेली असतात, वडीलधारे म्हणतात, "तारीख कशाला, आत्ताच हळद लावा," आणि संध्याकाळी नवरी सासरी जाते. अशा घरांची गावात निंदा झालेली मी पाहिलेली नाही.

कोरोनाच्या काळात तर सरकारनेच पाहुण्यांची संख्या ठरवली. 2020 मध्ये पन्नास माणसे, एप्रिल 2021 मध्ये पंचवीस माणसे आणि दोन तास. त्या काळात लागलेली लग्ने कोणी कच्ची मानली का?

डिसेंबर 2005 मध्ये राज्य सरकारने वाशीमसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यात सामूहिक लग्नांसाठी जोडप्यामागे दहा हजार रुपयांची मदत होती. कापसाला भाव द्यायचा नाही आणि मंगळसूत्राला मदत द्यायची, असा तो न्याय. तरी सांगतो, तो पैसा तुमच्याच कापसातून गेलेला आहे, तो घ्यायला लाजू नका. पुढे हीच योजना शुभमंगल या नावाने चालू राहिली. अर्जाची चौकशी लग्नाआधी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावी.

बैठकीला बसण्याआधी

सुपारी फुटण्याआधी दोन्ही घरांनी पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात. ठरवताना मुलगा-मुलगी दोघेही समोर बसलेली असावीत.

एक. आधी पेरणीचा पैसा बाजूला काढा. बियाणे, खत आणि घरचे धान्य वेगळे ठेवून उरेल त्यातच लग्न. बैल, गाय आणि जमीन हे लग्नाचे भांडवल नाही.

दोन. तारीख पिकाप्रमाणे धरा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात. उलंगवाडी झाली, माल विकून पैसा हातात आला, की माघ-फाल्गुनात लग्न लावा. ज्येष्ठात मांडव घातला तर पेरणी आणि देणेकरी एकाच वेळी दारात येतात.

तीन. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा. मुलीच्या बापानेच सगळे सोसावे, हे कोणत्याही शास्त्रात नाही. हुंडा देणे आणि घेणे हे 1961 पासून गुन्हे आहेत. शिक्षा निदान पाच वर्षांची आहे.

चार. आहेर बंद. तीच टोपी, तोच दुपट्टा या लग्नातून त्या लग्नात फिरतो, डोक्यावर कोणी घालत नाही. ज्याला द्यायचे त्याने नव्या जोडप्याच्या हातात रोख द्यावे.

पाच. पंगत एकच ठेवा आणि ती घरच्या धान्याची ठेवा. तुरीचे वरण, आलू-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, गोडाला बुंदी. ज्वारी पिकवणाऱ्याच्या मांडवात ज्वारी नसावी, ही आपली लाज आहे.

सहा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच करा. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण आहेत, याचे कागद आधी पाहा.

मुलगी कोण देईल?

तुम्ही म्हणाल, इथे आमच्या पोरांना मुलीच मिळत नाहीत आणि तुम्ही साधेपणा सांगता! दुखणे खरे आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लोक हसले, मला हसू आले नाही. शेतीत राम नाही हे मुलीच्या बापाला कळते, म्हणून तो चपराशाला मुलगी देतो आणि दहा एकरवाल्याला देत नाही. जन्माआधीच मुली मारल्या, त्याचीही ही फळे आहेत.

पण डीजे लावून आणि हजार पाने उठवून ही भीती जाते का? ती आणखी वाढते. मुलगी घरात पाऊल टाकते ते कर्जाच्या घरात. तिला आणि तिच्या बापाला धीर द्यायचा असेल तर दुसरी गोष्ट द्या. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन लिहून दिली होती. लग्नाच्या दिवशी सासऱ्याने एक एकर सुनेच्या नावावर करण्याचा शब्द दिला आणि वर्षात सातबारावर नाव चढवले, तर त्या घराची पत कोणत्याही वरातीपेक्षा मोठी होईल. आणि मुलीच्या बापानेही ध्यानात ठेवावे की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रात तो 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये कायद्याने आला. हुंडा देऊन तो हक्क फिटत नाही.

रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशीम या सहाही तालुक्यांतून आपण बैठकीला येता. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या शेवटच्या लग्नाचा खर्च एका चिठ्ठीवर लिहून आणावा. नाव नको, गाव नको. खर्च किती क्विंटल, त्यातले उसने किती, आणि ते फिटले की नाही, एवढेच लिहा. सगळ्या चिठ्ठ्या आपण समोर मोठ्याने वाचू आणि मगच ठराव लिहायला बसू.