ग्रुप सुपरहिट, तरी मुली का थांबल्या? 'लव्ह लाइव्ह'चा मुद्दा समजून घ्या

जपानमध्ये मुलं घटल्याने दरवर्षी शेकडो शाळांना टाळं लागतं. २०१५ च्या 'लव्ह लाइव्ह! द स्कूल आयडल मूव्ही' या अ‍ॅनिमेशनपटाच्या मुळाशी हीच भीती आहे. पटसंख्येअभावी बंद पडणारी शाळा वाचवायला नऊ मुली गाण्याचा ग्रुप काढतात. शाळा वाचते, ग्रुप तुफान गाजतो. पण तिघींचं शालेय शिक्षण संपतं. ग्रुप चालू ठेवायचा का? सगळे 'थांबू नका' म्हणतात; मुली थांबतात. जाताना देशभरातल्या शाळकरी ग्रुप्सना सोबत घेऊन अकिहाबाराच्या रस्त्यावर गातात.

निर्मात्यांनी मात्र २०१६ मध्ये नव्या मुलींची 'सनशाइन' मालिका आणलीच. धंदा थांबत नाही. म्हणूनच मुलींना 'पुरे' म्हणू देणारा हा सिनेमा मला प्रामाणिक वाटतो.