हळद, जवस आणि कोंबडीचा दाणा

लातूरच्या सोयाबीनची आणि नांदेड परिसरातील हळदीची चर्चा सदैव बाजारभावाभोवती फिरते. ही पिके कोंबडीच्या दाण्यातही उपयोगी पडतात, याचा विचार क्वचितच होतो. तो आता होणे अगत्याचे आहे.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची रीत जगभर दीर्घकाळ रूढ होती. औषधांना न जुमानणारे जंतू त्यातून निपजतात हे ध्यानी आल्यावर युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास बंदी घातली. भारत सरकारनेही 2019 मध्ये अन्नोपयोगी प्राण्यांना कोलिस्टिन देण्यास मनाई केली. माणसावरील उपचारांत अगदी शेवटी हाती राहणारे औषध कोंबडीच्या दाण्यात उधळणे, हा अविचारच होता. त्याची जागा हळद, लसूण, ओवा, शेवग्याचा पाला अशा वनस्पतींनी घ्यावी, असा विचार पुढे आला आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु स्वागत करताना विवेक सुटता कामा नये. खाद्यात शेकडा 10 पर्यंत जवस घातल्यास अंड्यातील ओमेगा-3 मेदाम्ले वाढतात, हे सिद्ध झाले आहे. प्रमाण ओलांडले तर त्याच अंड्याला माशासारखा वास येऊ लागतो. झेंडूच्या पाकळ्यांनी बलक गडद पिवळा होतो. पण गडद बलक म्हणजे अधिक पौष्टिक बलक नव्हे. हळदीचे प्रयोग अनेक झाले, तरी सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहीत.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ ही समजूत तर सर्वांत घातक. सोयाबीनची पेंड हा कोंबडीच्या प्रथिनांचा मुख्य आधार आहे. मात्र कच्चे सोयाबीन तसेच टाकले तर त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. उष्णता दिल्यावरच तो दोष जातो. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉलमुळे बलकाचा रंग बिघडतो. तेव्हा प्रश्न वनस्पतीचा नसून मात्रेचा आणि प्रक्रियेचा आहे.

जानेवारी 2021 मध्ये लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यात बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या. अशा साथीवर कोणताही पाला उतारा ठरत नाही. मानमोडीवर लस, खुराड्याची स्वच्छता, कोरडे व बुरशीमुक्त खाद्य आणि कवचासाठी पुरेसा चुना, हा आरोग्याचा पाया होय. पूरके त्यानंतर येतात.

येथे खरा प्रश्न आहे तो परसात दहा-वीस कोंबड्या पाळून अंड्यांच्या पैशावर मुलांच्या वह्या घेणाऱ्या स्त्रीचा. ‘आयुर्वेदिक’ असे छापलेल्या बाटलीत काय आणि किती आहे, हे तिला कळण्याचा मार्ग कोणता? उत्पादकाने घटक व प्रमाण मराठीत छापलेच पाहिजे. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जिल्हा परिषदांकडे पशुसंवर्धन विभाग आहेत. या दोघांनी मिळून स्थानिक हळद, जवस व शेवगा यांच्या चाचण्या गावच्या कोंबड्यांवर घ्याव्यात, आणि अंड्यामागे खर्च किती व लाभ किती, याचा साधा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

कच्चा माल मराठवाड्याच्या शेतातच आहे. उणीव आहे ती मोजमापाची. ती भरून निघाली नाही, तर कालचा औषधविक्रेता जाऊन आज काढाविक्रेता येईल, आणि कोंबडी पाळणाऱ्याच्या पदरी पूर्वीचेच अज्ञान राहील.