स्वरसाची वनस्पती कोठून येते?

पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत बलवान मानला आहे. मंडूकपर्णीचा स्वरस चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत सांगितला आहे. मात्र तो बहुधा अग्निसंस्काराविना घेतला जातो आणि त्याची वनस्पती पाणथळ जागी वाढते. म्हणूनच पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी गुरांच्या यकृतकृमीचा विचार करणे अगत्याचे आहे.

फॅसिओला जायगँटिका हा पानासारखा चपटा कृमी गाई-म्हशींच्या पित्तवाहिन्यांत राहतो. त्याची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेली अळी लिम्निया कुळातील गोगलगायीत वाढते. पुढे बाहेर पडलेल्या अळ्या पाण्याकाठच्या गवतावर व पानांवर कोष करून चिकटतात. तो चारा खाल्लेले जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली सूज येते. हेच कोष कच्च्या पानांबरोबर पोटात गेल्यास मनुष्यालाही बाधा होते. युरोपात वॉटरक्रेस ही पाणभाजी कच्ची खाल्ल्याने असे घडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 70 हून अधिक देशांत किमान 24 लाख लोकांना ही बाधा आहे.

आपल्याकडील भातखाचरे, तळी आणि सूर्या प्रकल्पाचे कालवे यांच्या काठी गुरे चरतात, म्हशी डुंबतात. ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका यांनाही अशीच ओल मानवते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपण पाण्यातील रसायनांविषयी जागरूक झालो; शेणाने दूषित झालेल्या पाण्याविषयी तेवढे झालो नाही.

चरकाचार्यांनी कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असे तीन भाग सांगितले. आपला भर पहिल्या दोहोंवर राहतो. येथे तिसऱ्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. स्वरसासाठी लागणारी वनस्पती गुरांना मज्जाव असलेल्या वाफ्यात, विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वाढवावी. औषधालयांनी ओला माल घेताना त्याचे स्थान विचारून नोंदवावे. नुसत्या धुण्याने कोष निघतीलच असा भरवसा नाही. उगम अज्ञात असेल तर स्वरस देऊ नये. क्वाथ अथवा ब्राह्मीघृतासारखा अग्निसिद्ध कल्प योजावा.

ज्वर, उजव्या कुशीत शूल, अंगावर पित्त उठणे आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढ ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाने कच्च्या पाणवनस्पती खाल्ल्या काय, हे विचारावे. आरंभीचे काही महिने मलपरीक्षेत अंडी आढळत नाहीत. तेव्हा मलपरीक्षा निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये. या कृमीवर ट्रायक्लाबेंडाझोल हे मान्य औषध आहे. नेहमीचे अल्बेंडाझोल येथे उपयोगी पडत नाही. केवळ विडंगादी योगांवर विसंबून कालहरण न करता रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे.

द्रव्याची भूमी पाहून संग्रह करावा, ही शिकवण आपल्या शास्त्राचीच आहे. ती पाळण्यास वेगळा खर्च नाही. न पाळल्यास रसायन म्हणून दिलेला स्वरसच व्याधीचे कारण होईल.