सहल, शेत आणि गावरान थाळी

यंदाची आमची एक दिवसाची सहल 'शैक्षणिक' होती. म्हणजे सकाळी काहीतरी पाहायचे आणि दुपारी भरपूर जेवायचे. सकाळी शिवाजीनगरला एका इराण्याकडे बनमस्का-चहा झाला आणि आम्ही शेतकी कॉलेजच्या आवारात शिरलो. जुनी दगडी इमारत, मागे शेते, देशी गाईंचे गोठे. पुण्याच्या ऐन मध्यावर एवढी जमीन अजून शेतीखाली आहे, याचेच आम्हाला नवल. फोटो मात्र निघाले ते गाईंबरोबर!

तिथे सरांनी एक हकीकत सांगितली. या कॉलेजचे प्राचार्य म्हणून १९०७ साली हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज गृहस्थ आले. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्याआधी चहाच्या संशोधनात होते. सरकारला शेतकी शिक्षण हवे होते ते पीक वाढावे म्हणून. पण मान साहेब कॉलेजच्या शेतावर थांबले नाहीत. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांना घेऊन ते जवळच्या पिंपळे सौदागर या गावी गेले आणि जमीन, कर्ज, घरखर्च यांचा हिशेब मांडला. त्याचे पुस्तक १९१७ साली निघाले. त्यात दिसले ते असे : १७७१ साली गावात एका खातेदाराकडे सरासरी सुमारे चाळीस एकर जमीन होती, १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. तीही एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत. नुसत्या शेतीवर बहुतेकांचे भागत नव्हते. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून मुंबई प्रांताने कायदा केला तो पुढे १९४७ साली.

"मग जेवायला तिकडेच जाऊ," कोणीतरी म्हणाले. मुळा ओलांडून आम्ही पिंपळे सौदागरला पोचलो. मानांचे गाव आता शोधावे लागते. जिकडेतिकडे टोलेजंग इमारती आणि खाण्याची दुकाने. आम्ही एका 'गावरान' हॉटेलात बसलो. दाराशी बैलगाडीचे चाक, छताला कंदील, वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला फेटे. पिठले, ठेचा, ज्वारीची भाकरी. जेवण चवदार होते, हे कबूल केले पाहिजे. वाढणाऱ्याला मी सहज विचारले, "गाव कोणते?" तो म्हणाला, "परांड्याकडचं. दोन एकर हाय, पण कोरडवाहू. म्हणून इकडं आलो." आणि तो पुढच्या टेबलावर भाकरी घेऊन गेला.

माझा घास तिथे अडला, कारण हिशेब माझ्याही घरचा होता. आजोबांची जमीन अकरा एकर. चौघा भावांत वाटणी होऊन वडिलांकडे आली पावणेतीन. आम्ही दोघे भाऊ. म्हणजे माझ्या वाट्याला एक एकर पंधरा गुंठे. सुट्टीत काका विचारतात, "बी.ए. करून शेती करणार का रे?" मी हसून वेळ मारून नेतो. फेटा बांधून भाकरी वाढणारा तो आणि पैसे देऊन ती खाणारा मी, यांत अंतर किती? फार तर एका विहिरीचे.

जुन्या वास्तू पाहून 'इंग्रजांनी बांधले काय सुरेख!' म्हणणे सोपे आहे. इंग्रजांनी आमचे भले केले असेही मला म्हणायचे नाही. सारा वसूल करणारे तेच होते. पण त्यांच्या कॉलेजातली माणसे गावात जाऊन घरोघरचा हिशेब विचारून आली. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी ग्रामीण साहित्यावर वीस गुणांचे उत्तर लिहितो, आणि आपल्या घरचा सातबारा मात्र आम्ही पाहिलेला नसतो.

म्हणून एक सूचना. पुढच्या सहलीआधी प्रत्येकाने आपल्या घरची तीन पिढ्यांची जमीन कागदावर लिहून आणावी. ज्यांच्याकडे जमीन नव्हतीच, त्यांनी कोणाच्या शेतावर राबलो ते लिहावे. अर्थशास्त्राच्या सरांनी कोष्टक करावे, मराठीच्या बाईंनी भाषा तपासावी आणि पुढच्या वार्षिकांकात ते छापावे. गावरान थाळी खायला मग जरूर जाऊ. फक्त वाढणाऱ्याला त्याचे गाव विचारल्यावर पुढचा प्रश्नही विचारू.