खाफ्रेच्या बाजूने

प्राचीन इजिप्तच्या शिल्पकलेविषयीचे एक मत इतके मुरले आहे की ते मत आहे, हेच आपण विसरलो आहोत. कलेतिहासाच्या पाठ्यपुस्तकात, संग्रहालयातल्या मार्गदर्शकाच्या तोंडी, कला महाविद्यालयातल्या व्याख्यानात ते जवळजवळ त्याच शब्दांत भेटते. इजिप्तच्या मूर्ती ताठ, एकसुरी. तीन हजार वर्षांत त्यांत काही बदलले नाही. धर्माने आणि राजाने शिल्पकाराचे हात बांधले होते. मग ग्रीक आले, त्यांनी मूर्तीचा गुडघा सैल केला, कंबर तिरपी केली आणि दगडात जीव आला. हे कथानक मला मुळातूनच अमान्य आहे. त्याहून अमान्य आहे ते इजिप्तच्या कैवाऱ्यांनी त्याला दिलेले मवाळ उत्तर. त्याकडे पुढे येतोच.

या मताला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळवून दिली ती योहान योआखिम विंकेलमानने. १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिताना त्याने इजिप्तला पहिल्या पायरीवर बसवले आणि तिथेच थांबवले: शरीररचनेचे ज्ञान नाही, धर्मनियमांचा जाच, म्हणून कलेची वाढ खुंटली. विंकेलमानची विद्वत्ता मला मान्य आहे. पण त्याने इजिप्तमध्ये कधी पाऊल टाकले नव्हते. त्याच्यापुढे होत्या त्या रोमला पोहोचलेल्या, बहुतेक उत्तरकाळातल्या मूर्ती आणि रोमनांनी केलेली अनुकरणे. चित्रलिपी वाचली गेली १८२२ मध्ये. सक्कारा आणि गिझा इथून ओग्युस्त मारिएतने जुन्या राज्यातल्या थोर मूर्ती बाहेर काढल्या त्या १८५०नंतर. म्हणजे खटल्याचा निकाल आधी लागला आणि मुख्य साक्षीदार शंभर वर्षांनी कोर्टात आले. तरीही निकाल कायम राहिला, ही तक्रारीची खरी जागा आहे.

आता आरोप एकेक करून तपासू. पहिला आरोप असमर्थतेचा: हालचाल दाखवता येत नव्हती म्हणून मूर्ती ताठ. याला उत्तर इजिप्तच्याच थडग्यांतून निघते. पाचव्या-सहाव्या राजवंशाच्या काळात धन्याच्या मूर्तीबरोबर थडग्यात सेवकांच्या लहान मूर्ती ठेवत. गुडघे टेकून, पाट्यावर अंगाचा सगळा भार टाकून धान्य रगडणारी बाई. पिंपावर ओणवा होऊन बिअर गाळणारा माणूस. चाकाशी बसलेला कुंभार. त्यांच्या पाठी वाकल्या आहेत, खांदे कामाला जुंपले आहेत, हात शरीरापासून सुटे आहेत. याच काळात, याच कारागिरांच्या परंपरेत धनी मात्र निश्चल उभा आहे. ज्याला ओणवा माणूस घडवता येतो, त्याला ताठ माणूस नाइलाजाने घडवावा लागला, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

यावर काहीजण दगडाकडे बोट दाखवतात. अस्वानचा ग्रॅनाइट तांब्याच्या छिन्नीला दाद देत नाही. तो डोलेराइटच्या गोट्यांनी ठेचावा लागतो, वाळूने घासावा लागतो. हात सुटा कोरला तर तुटेल, म्हणून हात आणि धड यांच्यामधला दगड तसाच ठेवला, पाठीला खांब ठेवला. हे खरे आहे, पण अर्धेच. सेवकांच्या त्या मूर्ती चुनखडीच्या आहेत आणि धन्याच्या मूर्तीही पुष्कळदा चुनखडीच्याच. दगड तोच, हत्यारे तीच, पवित्रे मात्र वेगळे. लाकडात तर ही अडचण उरतच नाही. सक्काऱ्याच्या का-आपेरची लाकडी मूर्ती पाहा: हात सुटे, पाठीला खांब नाही, डावा पाय पुढे, पोट सुटलेले. तरीही ती समोरच पाहते. मान वळत नाही, खांदा ढळत नाही. माध्यमाने मोकळीक दिली, तेव्हाही शिल्पकाराने मूर्तीची समोरासमोरची बैठक मोडली नाही. तेव्हा कारण ना अज्ञानात आहे, ना दगडात. मूर्ती कशासाठी घडवली जात होती, यात ते शोधले पाहिजे.

सक्काऱ्याला झोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला उत्तरेकडून टेकून एक बंद दगडी खोली आहे. तिला दार नाही. समोरच्या भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर दोन भोके आहेत. आत राजाची चुनखडीची पूर्णाकृती मूर्ती बसवली होती, त्या भोकांतून बाहेर पाहणारी. (मूळ मूर्ती आता कैरोच्या संग्रहालयात आहे, जागेवर प्रतिकृती.) बाहेरून तिला कोणी न्याहाळावे अशी ती सोयच नाही. पाहण्याचे काम मूर्तीचे आहे. समोर नैवेद्य येतो, धूप येतो, आणि मेलेला राजा या देहातून तो स्वीकारतो. मूर्तीवर मुख उघडण्याचा विधी होई, तो झाला की ती खाऊ, पाहू, श्वास घेऊ शकते अशी श्रद्धा होती. प्राणप्रतिष्ठा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पंढरपूरचा विठोबा दोन्ही पाय जुळवून, हात कटीवर ठेवून सरळ उभा आहे. त्याने कंबर तिरपी केली असती तर तो अधिक जिवंत झाला असता, असे कोणा वारकऱ्याच्या मनात आले असेल काय? समोर येणाऱ्याला जो सदैव समोर हवा, त्याने कडेला वळून चालत नाही. वाकलेली दासी एका कामात गुंतली आहे. धन्याला मात्र कुठल्याच एका क्षणात अडकायचे नाही, कारण त्याला सगळ्या काळासाठी तिथे असायचे आहे. ताठपणा हा या हेतूतून निघालेला निर्णय आहे.

दुसरा आरोप न बदलण्याचा. तो प्लेटोइतका जुना आहे, फरक इतकाच की प्लेटोने त्यात गुण पाहिला. पण बाराव्या राजवंशातल्या तिसऱ्या सेनुस्रेतचे मस्तक त्याच्या कितीतरी आधीच्या खाफ्रे राजाच्या मस्तकाशेजारी आठवून पाहा. जड पापण्या, डोळ्यांखाली थकव्याच्या खोबणी, गालांवर उतरलेल्या सुरकुत्या, मोठे कान. आणि खाली धड मात्र तरुणाचे, बलदंड. ते म्हातारपणाचे साधे चित्रण असते तर धडही उतरले असते. इथे चेहरा भार वाहणाऱ्या राज्यकर्त्याचा आणि देह न थकणाऱ्या राजाचा, असे दोन अर्थ एकाच मूर्तीत बसवले आहेत. पुढे अखेनातेनच्या काळात कर्नाकच्या प्रचंड मूर्तींचे लांबट चेहरे आणि रुंद कटी येतात. ते आवडोत न आवडोत, त्यांना पूर्वीचीच पुनरावृत्ती म्हणता येत नाही.

तिसरा आरोप मला सर्वांत बोचतो: हे शिल्पकार म्हणजे हुकूम पाळणारे बिननावाचे हात. लूव्ह्र संग्रहालयात इर्तिसेन नावाच्या कारागिराची शिळा आहे, मेंटुहोतेप राजाच्या काळातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर तो स्वतःच्या विद्येची यादी देतो. पुरुषाच्या मूर्तीची चाल आपल्याला कळते, स्त्रीच्या मूर्तीची ठेवण कळते; पाणघोड्यावर भाला उगारणाऱ्याचा हात कसा उचलला जातो, धावणाऱ्याचे पाऊल कसे पडते, हे कळते. आणि ही विद्या आपण व आपला थोरला मुलगा यांखेरीज कोणालाही उघड झालेली नाही, असेही तो अभिमानाने नोंदवतो. धावणाऱ्याचा पवित्रा जाणणारा माणूस उभ्या मूर्तीला निश्चल ठेवतो, तेव्हा ती निश्चलता त्याच्या ज्ञानाचा भाग असते.

इथवर वाचून इजिप्तचे कैवारी खूश होतील. पण माझे भांडण त्यांच्याशीही आहे. ते काय करतात? लूव्ह्रमधला मांडी घालून बसलेला लेखनिक दाखवतात, आंखहाफचा अर्धपुतळा दाखवतात, १९१२ साली अमार्नात थुतमोसेच्या कार्यशाळेत सापडलेली नेफरतिती दाखवतात, आणि म्हणतात: बघा, यांनाही हुबेहूब जमत होते. का-आपेरची मूर्ती निघाली तेव्हा मारिएतच्या मजुरांना ती आपल्या गावच्या मुखियासारखी वाटली आणि त्यांनी तिला 'शेख अल-बलद' म्हटले, हा किस्सा तर हमखास येतो. किस्सा खरा आहे, मूर्ती अप्रतिम आहे. पण हा बचाव म्हणजे निम्मी शरणागती आहे. हुबेहूबपणा हीच शिल्पाची कसोटी, हे विंकेलमानी गृहीतक त्यात मान्य केलेले असते. मग इजिप्तच्या पदरात चार-दोन अपवाद टाकले जातात आणि उरलेल्या हजारो मूर्ती ताठपणाच्या आरोपाखाली तशाच उभ्या राहतात.

म्हणून मी लेखनिकाची नव्हे, खाफ्रेची बाजू घेतो. इ.स.पू. २५५०च्या सुमारास घडलेली, १६८ सेंटिमीटर उंचीची ही बसलेली मूर्ती मारिएतला १८६०मध्ये गिझाच्या खोऱ्यातल्या मंदिरात सापडली. तिचा गडद, अतिकठीण दगड दूर दक्षिणेतून, आजच्या अबू सिंबेलजवळच्या वाळवंटातून आणलेला. राजा सरळ बसला आहे. उजवी मूठ मांडीवर आवळलेली, डावा तळवा पालथा. समोरून पाहिले तर राजा एकटा दिसतो; बाजूला गेलो की मस्तकामागे पंख पसरून बसलेला होरस ससाणा दिसतो. राजाच्या मागे देव आहे आणि देवामुळे राजा आहे, हा सिद्धान्त शिल्पकाराने एकही हावभाव न वापरता, केवळ पाहणाऱ्याच्या पावलांच्या आधाराने सांगितला. ससाण्याचे पंख शिरोवस्त्राच्या कडांना इतके बिलगले आहेत की पक्षी कुठे संपतो आणि राजा कुठे सुरू होतो हे डोळ्यांना ठरवता येत नाही. शरीररचना येत नव्हती म्हणणाऱ्यांनी छातीचे आणि गुडघ्यांचे चढउतार पाहावेत: स्नायू आहेत, पण एकही स्नायू स्वतःची जाहिरात करत नाही. हात हलला असता, मान कलली असती, तर हा राजा एखाद्या दिवसाचा, एखाद्या प्रसंगाचा झाला असता. त्या स्थैर्यातच इथले सगळे सौंदर्य आहे, आणि त्यासाठी मला कसलीही सबब पुढे करायची गरज वाटत नाही.

नियम पाळूनही किती विचार करता येतो, याचा दाखला हवा असेल तर सेनेबच्या कुटुंबाची लहानशी रंगीत मूर्ती घ्यावी. सेनेब बुटका होता आणि मोठा अधिकारी होता. पत्नीशेजारी तो मांडी घालून बसला आहे, आणि जिथे त्याचे पाय लोंबायला हवे होते तिथे शिल्पकाराने त्याची दोन मुले उभी केली आहेत. मूर्तीचा तोल साधला, सेनेबचा देह लपवलाही नाही आणि त्याची थट्टाही केली नाही.

सगळेच इजिप्शियन काम या तोडीचे आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीत मूर्तींची संख्या वाढली, आकार वाढले, जुन्या राजांच्या मूर्तींवर त्याचे नाव कोरले गेले. त्यातले बरेच काम यांत्रिक आहे. पण कुठल्या परंपरेत असे काम नसते? ग्रीक मूर्तींच्या रोमन नकलांवरून कोणी फिडियसला जोखत नाही.

आपल्याला या वादाची झळ लागलेली आहे, म्हणून तरी आपण सावध असायला हवे. १९१० साली लंडनमध्ये जॉर्ज बर्डवुडने जावामधल्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. हा माणूस बेळगावात जन्मलेला, मुंबईत वर्षानुवर्षे काम केलेला आणि भारतीय हस्तकलांवर मनापासून प्रेम करणारा. तरीही निश्चल देहात त्याला काही दिसले नाही. विल्यम रोथेनस्टाइन आणि इतर कलावंतांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्याचा निषेध केला. बुद्धाच्या बाबतीत जी चूक आपल्याला तत्काळ कळते, ती खाफ्रेच्या बाबतीत आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो आणि तिला गुण मिळतात.

ग्रीकांचे मोठेपण यात कुठे कमी होत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला तरुणाचा ग्रीक पुतळा, इ.स.पू. ६००च्या आसपासचा, इजिप्तचीच उभे राहण्याची रीत घेतो: डावा पाय पुढे, मुठी मांडीशी. मात्र हात आणि धड यांच्यामधला दगड तो काढून टाकतो, देहावर वस्त्र ठेवत नाही, आणि तिथून वेगळ्याच प्रश्नाचा शोध सुरू होतो. तो प्रश्न ग्रीकांचा होता. खाफ्रे आणि हा पुतळा यांच्यात सुमारे १९५० वर्षांचे अंतर आहे. इतका काळ एक संस्कृती दुसरीची पूर्वतयारी करत बसली होती, असे आपली पाठ्यपुस्तके अजून शिकवतात. २०२३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम इथली शिल्पे एकाच प्रदर्शनात मांडली. अभ्यासक्रमही तसाच मांडावा: इजिप्त खालच्या पायरीवर आणि ग्रीस वरच्या, हा जिना काढून टाकावा, इजिप्तच्या प्रकरणातून 'ग्रीसपूर्व' हे विशेषण काढावे, आणि विद्यार्थ्याला खाफ्रेविषयी पहिला प्रश्न विचारावा तो असा की ही मूर्ती कोणासमोर आणि कशासाठी बसवली होती.