पेटीची किल्ली कुणाकडे?

मुंबईतल्या दिंडोशीत कामाची ठिकाणं नाना तऱ्हेची. चित्रनगरीच्या सेटवर उंचावर दिवे बांधणारे लाइटमन, मॉलमधले विक्रेते, सत्र न्यायालयातले कारकून, बांधकामावरचे मजूर, गाळ्यांमध्ये पॉवर प्रेसवर बसणारे ऑपरेटर, सगळे एकाच टापूत. प्रथमोपचाराची सोय आहे का, असं यांच्या मालकांना विचारलं तर बोट भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीकडे जातं. पेटी असते, नाही असं नाही. तिची किल्ली अ‍ॅडमिनच्या ड्रॉवरमध्ये असते आणि अ‍ॅडमिन सहाला घरी जातो. आत मुदत संपलेलं मलम, क्रोसिनच्या गोळ्या आणि कुणाचा तरी चष्मा. खरं तर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने याचा विचार आधीच करून ठेवला होता. त्याचं 45 वं कलम दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी मागत होतं, ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय तिच्यात दुसरं काही ठेवू देत नव्हतं आणि पुढे सांगत होतं की प्रत्येक पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, त्याच्याकडे प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं आणि कामाच्या पूर्ण वेळात तो हाताशी हवा. कायद्याने पेटी मागितली तसा माणूसही मागितला. आपण पेटी तेवढी विकत आणली.

माणूस का हवा, हे मिनिटांच्या हिशेबात कळतं. हृदय बंद पडलं आणि छातीवर कुणी दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. हा दाब छातीच्या मध्यभागी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल द्यायचा असतो. त्याला पेटीतली एकही वस्तू लागत नाही, लागतात ते शिकलेले हात. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी हा पहिला उपचार, पण माहीत नसलेला माणूस टूथपेस्ट नाहीतर हळद शोधत फिरतो. प्रेसमध्ये तुटलेलं बोट थेट बर्फात टाकलं की त्यातल्या पेशी मरतात. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची. शल्यचिकित्सकाला ते जोडता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी गाळ्यातच ठरतं.

यावर नेहमीचं उत्तर असं की जोगेश्वरीचं ट्रॉमा केअर रुग्णालय महामार्गालगतच आहे आणि 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. येते, आणि 2014 मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण संध्याकाळी द्रुतगती महामार्गावर गाड्या कशा सरकतात, हे दिंडोशीकरांना सांगायला नको. त्यात गेटवरची नोंद आणि लिफ्टची वाट, म्हणजे नकाशावर जवळ असलेलं रुग्णालय घड्याळात लांब जातं. मधली मिनिटं कुणीतरी सांभाळायलाच हवीत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: माणसं टिकत नाहीत, शिकवलेला पोरगा दोन महिन्यांत सोडून जातो, शिफ्ट बदलतात. मग जो जागेवर असतो त्याला शिकवा. साहेब सुट्टीवर जातात, ऑपरेटर बदलतात, पण गेटवर वॉचमन असतोच, रात्री आणि रविवारीसुद्धा. हाउसकीपिंगच्या बाया प्रत्येक मजल्यावर फिरतात, सेटवर स्पॉटबॉय सगळ्यांच्या आधी येतो आणि शेवटी जातो. प्रथमोपचारासाठी यांच्याइतकी योग्य माणसं नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नेमकी यांचीच नावं नसतात, कारण ती कंत्राटदाराची माणसं. ही आपल्याकडची खास अडाणी काटकसर आहे. व्यक्ती बदलली तरी चालेल असं पद ठरवा, आणि कंत्राटातच अट घाला की प्रत्येक पाळीत निदान एक प्रमाणपत्रधारक हवा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे वर्ग मुंबईत वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

पोलिसांच्या लफड्याची भीतीही पोकळ नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. गाळ्यातल्या मदतनीसाला आधार आहे तो भारतीय न्याय संहितेच्या 30 व्या कलमाचा: संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने काही केलं आणि त्यात इजा झाली, तर तेवढ्यावरून तो गुन्हा होत नाही. अपवाद आहेत, पण छातीवर दाब देणारा वॉचमन त्यात बसत नाही. व्यवस्थापनाने हे त्याला लेखी द्यावं.

राहता राहिले चार-पाच माणसांचे गाळे. त्यांना कारखान्याची व्याख्या लागू होत नाही आणि स्वतंत्र माणूस ठेवणं परवडतही नाही. पण एकाच इमारतीत असे कितीतरी गाळे असतात आणि त्यांची सोसायटी असते. ती लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च वाटून घेते, तसा हाही घेता येईल. सोसायटीच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर दोन ओळी वाढवा: प्रशिक्षणाची रक्कम, आणि रात्रपाळीच्या दोन वॉचमनची नावं. आणि पेटीचं कुलूप आजच काढा.