घाटातील श्वास

गेल्या २५ फेब्रुवारीस आम्ही काही कुटुंबे मिळून इंदूरहून उदयनगरला गेलो. देवास जिल्ह्यात बागलीच्या मुलखातले हे लहानसे गाव. तेथे धन्यवादित राणी मारिया यांची समाधी आहे. बहुतेक वाचकांस त्यांची हकिगत ठाऊक असेल. तरी घरातील लहानांसाठी थोडक्यात सांगतो. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या केरळीय भगिनी १९९२ पासून त्या भागातील आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असता नाचनबोरच्या डोंगरात, सहप्रवाशांच्या देखत, त्यांच्यावर सुऱ्याचे वार झाले. पन्नासाहून अधिक जखमा त्यांच्या देहावर मोजल्या गेल्या.

आमच्या बसमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर एक प्रौढ बाई बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी अशाच एका घाटात त्यांची गाडी उलटली व शेजारी बसलेला सख्खा भाऊ जागीच गेला. बाईंची हाडे सांधली, पण पाठीचे दुखणे काही केल्या जाईना. छायाचित्रात दोष दिसत नाही, म्हणून घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिले. (मनाचे दुखणे म्हणजे दुखणेच नव्हे, असे आपल्याकडे का समजतात, कोण जाणे!) नाचनबोरची वळणे सुरू होताच त्यांनी समोरची दांडी अशी आवळून धरली की बोटे पांढरी पडली. श्वास गळ्याशीच अडकला. मी इतकेच सांगितले, “बाई, डोळे मिटू नका. पायांचे तळवे खाली टेकले आहेत, तेवढे जाणवू द्या. आता चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा.” घाट संपेपर्यंत आम्ही मोजत होतो.

मिस्सा आटोपल्यावर त्या मजपाशी आल्या. “फादर, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर योगासने आणि ध्यान करायला सांगितले आहे. आपल्या माणसांना ते चालते का? आणि खरोखर काही गुण येतो का?”

दुसरा प्रश्न आधी घेतो. मोठी भीती ओसरली, तरी देहाला ती ओसरल्याचे कळत नाही. प्रसंग कधीच सरला असतो, पण छाती धडधडते, स्नायू ताठरतात, झोप उडते. आणि वर्षानुवर्षे ताठरलेली पाठ दुखू लागते. हृदयाच्या ठोक्यांवर आपली आज्ञा चालत नाही, श्वासावर मात्र थोडीफार चालते. श्वास सावकाश सोडला म्हणजे मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणारी, डॉक्टर जिला व्हेगस म्हणतात ती नाडी, हृदयाची गती मंदावते. आपल्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, तेच मुळी योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजून पाहण्याच्या हेतूने. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातील ४७ पीडितांना एक आठवडा योगाभ्यास देण्यात आला, तेव्हा त्यांची भीती, दुःख व झोपेची तक्रार कमी झालेली आढळली. अमेरिकेत डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या आघाताने पीडलेल्या व इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवड्यांनंतर योगवर्गातील ३१ पैकी १६ जणींत त्या आजाराचे निदान करण्याजोगी लक्षणे उरली नव्हती. ज्यांना केवळ आरोग्याची माहिती दिली, त्या २९ पैकी सहा जणींत. गुण येतो तो असा: अनेकांना येतो, सर्वांना नाही. जुनाट कंबरदुखीसाठीही अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ साली योग व ध्यान यांस पहिल्या उपायांत स्थान दिले.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना करणे माझे कर्तव्य आहे. ज्याचा घाव ताजा आहे, त्यास एकदम डोळे मिटून तासभर स्तब्ध बसविले, तर अंधारात तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. तेथे ध्यान औषध न होता विष होऊ शकते. अशाने आरंभ डोळे उघडे ठेवून करावा, पाच मिनिटे करावा, नको वाटले तर थांबावे. आणि शिकविणारा असा निवडावा, की जो न विचारता अंगास हात लावीत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा तर शुद्ध अविचार होय.

आता पहिला प्रश्न. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी रोमहून निघालेल्या पत्रात, देहाचे आसन व श्वास यांचा प्रार्थनेस साह्य म्हणून उपयोग होऊ शकतो, हे मान्य केले आहे. मात्र व्यायामाने आलेल्या शांततेस पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची चूक करू नये, असेही त्यात बजावले आहे. पाठदुखीसाठी पाठ वळविणे आणि आपला देव बदलणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. मला तरी यात अडचण दिसत नाही, व बाईंना मी तसे सांगितले.

त्यावर त्या किंचित थांबल्या आणि खरे बोलल्या. “फादर, तो ड्रायव्हर पिऊन होता. ध्यान केले तर माझा राग जाईल का? सगळे म्हणतात, शांत हो, क्षमा कर.”

आम्ही समाधीजवळच उभे होतो. मी त्यांना राणी मारियांच्या धाकट्या बहिणीची, भगिनी सेल्मी पॉल यांची गोष्ट सांगितली. मारेकरी समंदरसिंग जन्मठेप भोगत होता. संन्याशाच्या वेषात राहणारे आपले एक धर्मगुरू, स्वामी सदानंद, त्याला तुरुंगात भेटत राहिले. आणि २००२ साली सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, व पुढे त्यांच्या आईनेही त्याला घरी जवळ केले. हे सर्व आपण प्रवचनांत फार भरभर सांगतो. १९९५ ते २००२, मध्ये सात वर्षे गेली आहेत. एका व्रतस्थ भगिनीची ती सात वर्षे कशी गेली असतील, याचा हिशेब आपण कोणी मांडला आहे? मग भाऊ गमावलेल्या बाईस तीन वर्षांतच ‘शांत हो’ म्हणणारे आपण कोण?

“श्वासाने राग जाईल असे मी सांगणार नाही,” मी म्हणालो. “तुम्हांला रात्री झोप लागेल, बसमध्ये बसता येईल, एवढे घडले तरी पुष्कळ. रागाचे काय करायचे ते तुम्ही झोपून उठल्यावर, तुमच्या सवडीने ठरवा. आणि त्या माणसावर खटला चालू असेल तर साक्ष द्यायला अवश्य जा.”

“तारीख पुढच्या महिन्यात आहे,” त्या म्हणाल्या. “न्यायालय घाटापलीकडे आहे, म्हणून जाणार नव्हते.”

परतताना त्या खिडकीपाशी बसल्या. नाचनबोर आले तेव्हा दांडी त्यांनी पुन्हा धरली होती, पण एकाच हाताने. दुसऱ्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरत होता. वळणे संपल्यावर मागे वळून म्हणाल्या, “फादर, मध्येच मोजणी चुकले. पुन्हा एकपासून धरली.”